आमदाराचा पगार आणि सरपंचाचं बलुतं
(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्यातले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)



विषय काढला की टाळ्या कशावर पडतात ते मला ठाऊक आहे. "आमदार-खासदारांचे पगार बंद करा!" एवढं म्हणून मी खाली बसलो तरी सभा जिंकली. चहाच्या टपरीवर, एस.टी.त, सलूनमध्ये सगळीकडे हेच ऐकू येतं. मी ते म्हणणार नाही. म्हणणारा माणूस कोण आहे हे आधी बघा, असं सांगायला मी उभा आहे. फुकट राज्य करतो म्हणणाऱ्याचे हात बघा. त्या हातांना घट्टे नसतात. त्याच्या नावावर ऊस असतो, संस्था असते, नाहीतर बापाचं दुकान असतं. त्याला पगार नको, कारण त्याची चूल पगारावर पेटत नाही. ज्याची पेटते त्याला राजकारणातून हाकलायचं असेल, तर सगळ्यात स्वच्छ आणि साळसूद मार्ग हाच : पदाला पगारच ठेवू नका. जातीचं नाव घ्यावं लागत नाही, पाटी लावावी लागत नाही. भुकेनंच माणूस दारातून परत जातो.

इंग्लंडच्या कामगारांना हे फार लवकर उमगलं होतं. १८३८ साली चार्टिस्टांनी सहा मागण्यांची सनद काढली. त्यात मताचा हक्क होता, गुप्त मतदान होतं, आणि त्यांच्याच जोडीला खासदाराला पगार द्या अशी मागणी होती. खासदार होण्यासाठी मालमत्ता लागत असे, ती अट काढा हीही मागणी होती. अट १८५८ साली निघाली. पगार यायला १९११ साल उजाडावं लागलं. म्हणजे त्रेपन्न वर्षं गरिबाला दार उघडं होतं आणि आत बसायला जागा नव्हती. मधल्या काळात कामगार संघटना आपल्या फंडातून आपले खासदार पोसत. त्यावर ऑस्बर्न नावाच्या एका रेल्वे हमालानं स्वतःच्याच संघटनेवर दावा लावला, आणि १९०९ साली तिथल्या वरिष्ठ न्यायपीठानं संघटनांना असा खर्च करायला मनाई केली. मजुरांचे खासदार उघड्यावर आले. त्यानंतर दोन वर्षांनी सालीना चारशे पौंड मंजूर झाले. लढून मिळवलेली गोष्ट आहे ही. कुणाची मेहेरबानी नाही.

आता आपल्या घरात येऊ. १९३७ साल. मुंबई इलाख्यात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, बाळासाहेब खेर मुख्य झाले. १९३१च्या कराची ठरावात काँग्रेसनं सांगून ठेवलं होतं की सरकारी नोकराला महिना पाचशेच्या वर पगार नसावा. त्याप्रमाणे मंत्र्यांना पाचशे रुपये ठरले. घर आणि मोटार यांची सोय वेगळी, बरं का. त्यागाचा मोठा गजर झाला. त्या विधेयकावर ऑगस्ट १९३७ मध्ये विधानसभेत बाबासाहेब उभे राहिले. स्वतंत्र मजूर पक्षाचा पुढारी, गिरणी कामगारांच्या मतांवर निवडून आलेला. आपल्यातल्या कुणालाही वाटेल की ते म्हणाले असतील, पाचशे तरी कशाला? तसं झालं नाही. पगार ठरवायच्या चार कसोट्या त्यांनी सभागृहापुढे ठेवल्या : राहणीमान, कर्तबगारी, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता. त्यागाचा देखावा या चार खान्यांत कुठेच बसत नव्हता.

या चार कसोट्या आज हातात घेऊन चला. मला त्यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो. लोकशाहीची कसोटी म्हणजे काय? पगार असा पाहिजे की खिशात काही नसलेला माणूसही ते पद घेऊ शकेल, पाच वर्षं टिकवू शकेल, आणि कुणाचा मिंधा न होता टिकवू शकेल. बास.

लावा ही कसोटी. वरून नको, खालून लावू. सरपंचापासून.

महाराष्ट्रात दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावच्या सरपंचाला २०१९ पासून महिना तीन हजार रुपये होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं ते दुप्पट केले. दोन हजारांपर्यंत सहा हजार, आठ हजारांपर्यंत आठ हजार, त्याच्या वर दहा हजार. दुप्पट झाले म्हणून हारतुरे झाले. आपण भागाकार करू. सहा हजार भागिले तीस, दिवसाला दोनशे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुराचा रोज होता तीनशे बारा. म्हणजे खड्डा खणणाऱ्या बाईला जो रोज, तेवढासुद्धा त्या कामाच्या हजेरीपत्रकावर देखरेख ठेवणाऱ्या सरपंच बाईला नाही. आणि २०२४च्या आधी तर दिवसाला शंभर.

आमच्या भागात एक सरपंच ताई आहेत. राखीव जागेवर निवडून आल्या. शेतमजूर बाई. पंचायत समितीत बैठक असली की सकाळची गाडी धरायची, दिवसाची मजुरी बुडवायची, दुपारी तीनपर्यंत बाकावर बसायचं. साहेब आलेच नाहीत तर दुसऱ्या दिवशी परत. मानधन महिनोन्‌महिने थकतं, मग एकदम येतं. मधल्या महिन्यांत तेल-मीठ कुठून आणायचं? गावचा एक जमीनदार म्हणाला, "ताई, कशाला हेलपाटे घालता? माझी जीप आहे, जाते-येते. कागद द्या, मी सह्यांपुरते घेऊन येतो." चार महिन्यांनी गावात सरपंच कोण हे विचारायची गरज उरली नाही. त्या बाईला दोष देणारे पुष्कळ भेटले. "राखीव जागेवरच्या बायका रबरी शिक्के असतात" असं शहाणपणानं सांगणारेही भेटले. त्या शिक्क्याची किंमत दिवसाला दोनशे रुपये आहे हे त्यांच्यातल्या एकानंही सांगितलं नाही.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून जागा राखून दिल्या. महाराष्ट्रानं २०११ साली बायकांचा वाटा निम्मा केला. खुर्ची दिली. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या पोटाचं काय, याचा हिशेब कुणी मांडला नाही. आणि या पैशाला नाव काय दिलं? मानधन. आशाताईला मानधन, अंगणवाडीच्या बाईला मानधन, सरपंचाला मानधन. आमदाराला मात्र वेतन. कायद्यातच तसा शब्द आहे. जिथं मजुरी द्यायची दानत नसते तिथं मान देतात, असा आपला अनुभव आहे.

जुन्या माणसांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. महार वतनदार काय होता? सरकारचाच नोकर. टपाल न्यायची, वसुलाची रक्कम तालुक्याला पोचवायची, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं, रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. आणि सरकार पगार देत होतं का? इनाम जमिनीचा तुकडा आणि गावचं बलुतं. म्हणजे काम सरकारचं आणि भाकर मागायची गावाच्या दारात. ज्याच्या दारात भाकर मागायची त्याच्याविरुद्ध तोंड कसं उघडणार? १९२८ साली मुंबई कौन्सिलात बाबासाहेबांनी वतनाचं विधेयक मांडलं ते ह्याच दुखण्यावर. ते वतन जायला १९५८चा कायदा लागला. मला दिसतं ते असं की १९२८चे बाबासाहेब आणि १९३७चे बाबासाहेब एकच गोष्ट सांगत होते. एकदा गावकीच्या माणसासाठी, एकदा मंत्र्यासाठी. जो सार्वजनिक काम करतो त्याला सार्वजनिक तिजोरीतून, रोख, पुरेसा आणि हक्काचा पैसा मिळाला पाहिजे. नाहीतर तो दुसऱ्या कुणाचं तरी बलुतं खाईल. जीपवाल्याच्या जीपमध्ये बसलेली आमची सरपंच ताई बलुतंच खात होती.

आता वर चढू. मजला बदलला की हवाच बदलते.

राज्यघटनेच्या १९५व्या कलमात लिहिलं आहे की आमदारांचे पगार त्या राज्याचं विधिमंडळ कायदा करून ठरवील. खासदारांसाठी १०६वं कलम. म्हणजे घेणारा तोच, देणारा तोच, आणि तिजोरी तुमची-माझी. २०१६ सालची गोष्ट घ्या. त्या वर्षीच्या एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. मराठवाडा होरपळून निघाला होता. ऑगस्टमध्ये पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पगारवाढीचं विधेयक आलं आणि चर्चेशिवाय मंजूर झालं. आमदाराचं मूळ वेतन प्रधान सचिवाच्या बरोबरीनं, मंत्र्याचं मुख्य सचिवाच्या बरोबरीनं. पंचाहत्तर हजारांच्या आसपास असलेला आकडा एका दिवसात दीड लाखाच्या वर गेला. माजी आमदाराचं निवृत्तिवेतन चाळीस हजारांवरून पन्नास हजार. एरवी एकमेकांच्या अंगावर कागद फेकणारी माणसं त्या दिवशी भाऊ भाऊ होती.

सचिवाशी बरोबरी! हे खूळ दिल्लीतूनही आलं आहे. २०१० साली खासदारांची मागणी काय होती ठाऊक आहे? ऐंशी हजार एक रुपये. सचिवाला ऐंशी हजार, म्हणून आम्हाला एक रुपया जास्त. शेवटी सोळा हजारांचे पन्नास हजार झाले. त्या एका रुपयात सगळं राजकारण आहे. माप म्हणून त्यांनी कुणाकडं पाहिलं? साहेबाकडं. १८७१ साली पॅरिसच्या कम्यूननं याच्या उलट माप घेतलं होतं. सालीना सहा हजार फ्रँकच्या वर कुणालाही पगार नाही, पुढारी असो की अंमलदार. कम्यून दोन महिने टिकलं, म्हणून ते माप चुकीचं ठरत नाही.

२०१८ पासून खासदारांचा पगार महिना एक लाख झाला आणि दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढेल अशी तजवीज झाली. मार्च २०२५ मध्ये त्याप्रमाणे एक लाख चोवीस हजार जाहीर झाले, तेही एप्रिल २०२३ पासून. दैनिक भत्ता दोन हजारांचा अडीच हजार. माजी खासदाराचं निवृत्तिवेतन पंचवीस हजारांचं एकतीस हजार. त्याच मार्च महिन्यात रोजगार हमीचा दरही वाढला. दोनशे सत्त्याण्णवचे तीनशे बारा. पंधरा रुपये.

इथं कुणी हुशार माणूस उठून म्हणेल, टक्केवारी बघा. बघू या, घाबरायचं कारण नाही. २०१८ साली महाराष्ट्रात हमीचा रोज दोनशे तीन होता, २०२३ साली दोनशे त्र्याहत्तर. म्हणजे चौतीस टक्के वाढ. खासदाराची त्याच पाच वर्षांत चोवीस टक्के. मजूर जिंकला की! दोनशे तीनवर चौतीस टक्के म्हणजे सत्तर रुपये, आणि लाखावर चोवीस टक्के म्हणजे चोवीस हजार. टक्केवारी ही फार सभ्य बाई आहे, ती कुणाचं ताट किती मोठं ते कधी सांगत नाही. म्हणून ताटं शेजारी शेजारी ठेवा. २०२५-२६ साली हमीच्या कायद्यात कुटुंबाला शंभर दिवसांची हमी होती. शंभर गुणिले तीनशे बारा, एकतीस हजार दोनशे. एका घराची वर्षाची हमी, आणि माजी खासदाराचं एका महिन्याचं निवृत्तिवेतन, यात दोनशे रुपयांचा फरक. संसदेच्या एका दिवसाच्या भत्त्यात मजुराचे आठ दिवस बसतात.

निवृत्तिवेतनाचं प्रकरण तर वेगळंच. १९५४च्या कायद्यात खासदाराला महिना चारशे रुपये आणि बैठकीच्या दिवशी एकवीस रुपये होते, निवृत्तिवेतन नव्हतं. ते आणलं १९७६ साली. आमच्या महाराष्ट्राचा आमदारांच्या निवृत्तिवेतनाचा कायदाही १९७६चाच. आणीबाणीचं साल. बोलायला बंदी असलेल्या दिवसांत एवढी एक गोष्ट मात्र बिनबोभाट झाली. आता ती दोन्ही बाजूंना जोडून बघा. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य सरकारच्या शिपायाला, शिक्षकाला, सफाई कामगाराला जुनं निवृत्तिवेतन बंद झालं. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी आठवडाभर संप झाला, दवाखाने ओस पडले. ज्या सभागृहानं त्यांना खजिन्यावर बोजा पडतो म्हणून सांगितलं, त्या सभागृहाचा सभासद एकदा निवडून आला की जन्माचा धनी. एकापेक्षा जास्त वेळा आला तर आणखी वर. पंजाबात एकच आमदार जितक्या वेळा निवडून येईल तितकी निवृत्तिवेतनं उचलत असे. २०२२ साली तिथं कायदा करून एकावर आणलं. म्हणजे करता येतं. सर्वोच्च न्यायालयात खासदारांच्या निवृत्तिवेतनाविरुद्ध कुणी गेलं होतं, २०१८ साली ती याचिका फेटाळली गेली. ठीकच आहे. हे कोर्टाचं काम नाही, आपलं आहे.

आता बाबासाहेबांची चौथी कसोटी, कारभाराची शुद्धता. पगार चांगला असला की माणूस लाच खात नाही, असं सांगतात. असं असतं तर २०१६च्या ऑगस्टनंतर महाराष्ट्रात गंगा वाहायला पाहिजे होती. उलट बाजूचाही दाखला घ्या. जयललिता १९९१ ते ९६ मुख्यमंत्री असताना महिना एक रुपया पगार घेत. त्याच काळातल्या सहासष्ट कोटींच्या बेहिशेबी मालमत्तेबद्दल २०१४ साली बंगळूरच्या विशेष न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं. उच्च न्यायालयात त्या सुटल्या. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं बाकीच्या आरोपींची शिक्षा कायम केली तेव्हा त्या हयात नव्हत्या. एक रुपया पगाराच्या पुढाऱ्याला मी तरी नमस्कार करणार नाही. त्याचं ताट कोण वाढतं ते आधी कळू द्या.

आणि आमच्या गरिबीचं भांडवल करणारेही आहेत. उत्तर प्रदेशात १९८१ साली कायदा झाला की मंत्र्यांच्या पगारावरचा आयकर सरकारी तिजोरी भरेल. कारण काय, तर बरेच मंत्री गरीब घरातले आहेत! विश्वनाथ प्रताप सिंग तेव्हा मुख्यमंत्री. स्वतः मांडाचे राजे. पुढं जवळजवळ चाळीस वर्षं कितीतरी कोट्यधीश मंत्र्यांचा कर जनतेनं भरला. २०१९ साली वर्तमानपत्रांत बोंब झाली तेव्हा ते थांबलं. गरिबाचं नाव पुढं करून श्रीमंताची पत्रावळ वाढायची, ही रीत लक्षात ठेवा. राखीव जागांचं नाव घेऊन पगारवाढ मागणारा माणूस उद्या तुमच्यापुढंही येईल.

मग गरिबाला आमदार व्हायला पगार पुरतो का? हाही हिशेब करू. विधानसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत २०२२ पासून चाळीस लाख रुपये खर्चाची मुभा आहे. कायदेशीर मुभा. साठ महिन्यांत वाटले तर महिना सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट. म्हणजे पगारातला मोठा वाटा निवडणुकीच्या कर्जातच जाणार, तोही सगळं कायद्यात बसवलं तर. राखीव एकोणतीस जागांवर आपला माणूस उभा असतो, पण चाळीस लाख त्याच्याजवळ नसतात. ते ज्याच्याजवळ असतात तो देतो, आणि पाच वर्षं वसूल करतो. पुणे करारानं उमेदवार आपला आणि मतं त्यांची असं झालं होतं, आता खर्चही त्यांचा झाला. पगार वाढवून हे दुखणं बरं होत नाही. पण पगार तोडून तर ते हटकून वाढतं.

म्हणून माझं म्हणणं असं. आमदाराला पगार पाहिजे, चांगला पाहिजे, वेळेवर पाहिजे. त्याला अर्थसंकल्प वाचायला मदतनीस पाहिजे. बाबासाहेबांची कर्तबगारीची कसोटी त्याशिवाय पुरी होत नाही. पण तो पगार त्यानं स्वतः ठरवायचा नाही. इंग्लंडात २००९ साली खासदारांच्या खर्चाची लफडी बाहेर आली, त्यानंतर हा अधिकार त्यांच्या हातातून काढून एका स्वतंत्र मंडळाला दिला. ते मंडळसुद्धा काही संत नाही. २०१५ साली पक्षांचे पुढारी नको म्हणत असताना त्यानं दहा टक्के वाढ दिलीच. माझा त्यावर आंधळा विश्वास नाही. निवृत्त सचिव आणि निवृत्त न्यायाधीश बसवले तर ते पुन्हा सचिवाचंच माप घेतील. त्यात सफाई कामगार बसला पाहिजे, शेतमजूर बाई बसली पाहिजे. दुसरं, अमेरिकेच्या घटनेत एक दुरुस्ती आहे, १७८९ साली सुचवलेली आणि १९९२ साली मंजूर झालेली. पगार बदलला तरी तो पुढच्या निवडणुकीनंतरच लागू होतो. हे आपल्याकडं आणायला काय हरकत आहे? वाढवा, आणि लोकांपुढं जाऊन निवडून या, मग घ्या.

आणि माप? सचिवाशी बांधलेली दोरी सोडा, हमीच्या रोजाला बांधा. किती पट ते भांडून ठरवू. दहा पट म्हणा, पंधरा पट म्हणा. पण मजुराचा रोज पाच रुपयांनी वाढल्याशिवाय आमदाराचा पन्नास-पंचाहत्तरनं वाढायचा नाही. बघा मग हमीच्या दरावर सभागृहात किती कळकळीनं चर्चा होते ते! निवृत्तिवेतनाला तोच नियम लावा जो शिपायाला लावला. आणि सरपंचाचं मानधन हा शब्द खोडून तिथं वेतन लिहा. तो निदान हमीच्या रोजाच्या खाली नसावा. बैठकीला बोलावलं त्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं वेगळं, त्याच दिवशी, रोख.

आपल्या निवडून आलेल्यांनाही एक नियम असावा असं मला वाटतं. कम्युनिस्ट पक्षांत आमदार पगार पक्षाकडं जमा करतो आणि पक्ष त्याला त्याच्या खर्चापुरतं देतो. आपल्याकडं आमदार झाला की पहिल्यांदा बदलतं ते बिऱ्हाड. वस्तीतून जातो तो जातोच. यावर तुमच्यात मतभेद असतील, ते मोकळेपणानं मांडा.

एवढ्यात काय करायचं ते सांगून थांबतो. १५ ऑगस्टला ग्रामसभा आहेत, नाही जमलं तर २ ऑक्टोबरला. आपापल्या गावात ठराव मांडायचा : सरपंचाला वेतन, आणि ते हमीच्या रोजापेक्षा कमी नाही. माहितीच्या अधिकारात पंचायत समितीकडं एक अर्ज टाकायचा : तालुक्यातल्या कोणत्या सरपंचाचं मानधन किती महिन्यांपासून थकलंय, त्यात राखीव जागेवरचे किती. दहा रुपयांचा स्टँप लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डवाल्याला तोही लागत नाही, म्हणून अर्ज त्यांच्याच नावानं टाका. नमुना लिहून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर आहे. मागच्या बाजूला ज्यांचे हात वर आहेत त्यांनी आधी विचारा.